वस्तरा केस ओढत होता, तेव्हा…

आजोबांचा वस्तरा गालावर नुसता ओढायचा. मी महागडा १२००० ग्रिटचा (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) दगड आणला, तरी तेच. शेवटी धारेवर काळा मार्कर फिरवला आणि वस्तरा १००० च्या दगडावर हलकेच दोनदा फिरवला. दोन्ही टोकांची शाई गेली, मधली तशीच! म्हणजे धारेचा मधला भाग दगडाला टेकतच नव्हता; दगडच मध्ये खोलगट झाला होता. दगडावर पेन्सिलीने रेघा मारल्या, काचेवर ४०० चा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) ठेवला आणि रेघा पूर्ण पुसेपर्यंत दगड त्यावर घासला. मग पुन्हा १००० पासून सुरुवात. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, धार पुढे, दाब अजिबात नाही. पुढे ४०००, ८०००, १२००० आणि चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे. माझ्या मते पहिले पैसे चांगल्या १००० च्या दगडावरच घालावेत. तिथे धारेच्या दोन्ही बाजू टोकाशी नीट जुळल्या नाहीत, तर पुढचे दगड नुसती चमक देतात.