चेन आतून ओली, बाहेरून कोरडी

गाय माजावर आली की हातात वेळ थोडा असतो. माज साधारण 12 ते 18 तास टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा आमच्या कामाचा नेम आहे. तो हुकला की पुढचा माज 21 दिवसांनी. मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो. मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचा कॅन, त्यात उणे 196 अंशाला ठेवलेल्या रेतमात्रा, आणि रोजची 70-80 किलोमीटरची फिरती. अर्धी डांबरावर, अर्धी पाणंदीनं.

सहा वर्षांपूर्वी बनसारोळ्याकडं एका आजीच्या गाईसाठी निघालो होतो. वाटेत चेनचं लॉक, म्हणजे दोन टोकं जोडणारी कडी, उडालं आणि चेन रस्त्यावर पडली. गाडी ढकलत गावापर्यंत गेलो, मिस्त्री शोधला, लॉक बसवलं, तोवर गाईचा माज उतरला होता. आजी म्हणाल्या, "असू द्या डॉक्टर, पुढल्या बारीला बघू." पण एकाच गाईच्या दुधावर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी 21 दिवस म्हणजे काय, हे मला माहीत आहे. ती जुनी चेन मी घरी आणली आणि एकेक कडी वाकवून बघितली. बाहेरून ती काळ्या तेलानं माखलेली होती. दर दोन दिवसांनी मी तिच्यावर जळकं ऑइल ओतायचो, त्यामुळं चेनची काळजी घेतो असंच मला वाटायचं. आतल्या पिना मात्र ठणठणीत कोरड्या होत्या आणि पट्ट्यांच्या मधून विटकरी रंगाची भुकटी गळत होती. ती गंजाची भुकटी. तेल सगळं बाहेर होतं आणि जिथं पाहिजे तिथं थेंब नव्हता.

चेन आतून कशी असते हे एकदा समजलं की बाकी सगळं सोपं जातं. दोन पट्ट्यांच्या मध्ये पिन असते, पिनेवर बुश म्हणजे पोकळ नळी, बुशवर फिरणारा रोलर. चेन स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चाकावरून, वळते तेव्हा पिन बुशच्या आत फिरते आणि रोलर बुशच्या वर. घासतं ते इथं. लोक म्हणतात चेन ताणली. लोखंडाची पट्टी काही रबरासारखी ताणत नाही, पिन आणि बुश झिजून प्रत्येक सांध्यात फट पडते. माझ्या चेनला 118 कड्या आहेत. प्रत्येक सांध्यात 0.1 मिलिमीटर झीज झाली तरी चेन जवळजवळ 12 मिलिमीटरनं लांबते. त्यामुळं तेल सांध्यात शिरलं पाहिजे. बाहेरच्या पट्टीला गंज धरू नये इतका पातळ हात पुरे, त्याच्यावर जे राहतं ते फक्त धूळ गोळा करतं.

आणि आपल्याकडं धूळ किती! जानेवारीपासून तुरीचा भुसा, रस्त्याच्या कामाचा मुरूम, काळ्या रानाची पिठासारखी माती. ओल्या चेनवर ही माती बसली की तिचा घासणारा लेप तयार होतो. कोकणात किंवा पुण्याकडं जे तेल चांगलं चालतं ते आपल्या मे महिन्यात चालेलच असं नाही.

आधी तुमची चेन कोणत्या जातीची ते बघा. पट्ट्यांच्या मधल्या फटीत बारीक काळी रबरी कडी दिसली तर ती ओ-रिंग चेन. 150 सीसीच्या पुढच्या बऱ्याच उघड्या चेनच्या गाड्यांना ती असते. तिच्यात पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कंपनीतच भरून रबरानं कोंडलेलं असतं. वरून घातलेलं तेल तिथं जात नाही, जायची गरजही नाही. ते रोलरसाठी, गंज अडवण्यासाठी आणि रबर मऊ राहण्यासाठी. तिचं जपायचं ते रबर: पेट्रोलनं धुऊ नका, तारेचा ब्रश लावू नका, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याची धार जवळून मारू देऊ नका. एकदा रबर गेलं की आतलं ग्रीस बाहेर येतं, त्या जागी पाणी शिरतं, आणि मग वरून कितीही चांगलं तेल घाला. 100-125 सीसीच्या पूर्ण चेन कव्हरच्या गाड्यांत बहुतेक साधी चेन असते. तिला आतपर्यंत तेल लागतं आणि वारंवार लागतं.

आता तेल कोणतं. मी सहा वर्षांत बरंच वापरून बघितलं.

जळकं ऑइल बंद करा, हे सगळ्यात आधी. इंजिननं वापरून टाकलेल्या त्या तेलात काजळी, धातूचा कीस आणि आम्ल असतं. फुकट मिळतं, एवढाच त्याचा गुण. ग्रीसही नको. ते सांध्यात शिरत नाही, वर बसतं आणि मातीला धरून ठेवतं. घरातलं करडईचं तेल लावणारे मी बघितलेत. करडईचं तेल हवेत राहिलं की वाळून चिकट थर धरतं. याच गुणामुळं ते चित्रकारांच्या तेलरंगात वापरतात. चेनला नेमकं तेच नको असतं. डब्ल्यूडी-40 सारखे पातळ स्प्रे पाणी हाकलायला, गंजलेला नट सैल करायला चांगले, पण चेनवर फार दिवस टिकत नाहीत.

साध्या चेनला माझी पसंती गिअर ऑइलला आहे, 90 नंबरच्या. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात चेनसाठी हेच लिहिलेलं असतं. ट्रॅक्टरवाल्याच्या घरी त्याचा डबा बहुधा असतोच, शेजाऱ्याकडून अर्धी वाटी मागून आणली तरी दोन महिने पुरते. 90 आकडा ऐकून ते डांबरासारखं घट्ट असेल असं वाटतं. पण गिअर ऑइल आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगळ्या मापाचे आहेत. 90 चं गिअर ऑइल साधारण 40-50 च्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं. म्हणून ते सांध्यात उतरतं. 140 नंबरचं मात्र घेऊ नका, ते जाड पडतं, थंडीत तर जागेवरून हलत नाही.

ओ-रिंग चेनला दोन्ही चालतं, गिअर ऑइल किंवा स्प्रे. स्प्रे घेताना डब्यावर ओ-रिंगला चालतो असं लिहिलंय का ते वाचा. त्यातही दोन तऱ्हा आहेत. एक चिकट स्प्रे, पावसाळ्यात चांगला, कारण चिखलपाण्यानं लवकर धुऊन जात नाही. दुसरा मेणाचा किंवा कोरडा स्प्रे. त्यातला पातळ द्रव उडून जातो आणि मागं कोरडा थर राहतो. दिवाळीनंतर पाऊस पडेपर्यंत उघड्या चेनला मी हाच सांगतो. तो पाण्यात कमी टिकतो, म्हणून मृगाच्या आधी बदल करायचा. स्प्रेचा डबा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. 50 अंशांच्या वर नेऊ नये असं त्यावर लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्याकडं बंद डिकी तेवढी तापायला वेळ लागत नाही.

लावायची वेळ संध्याकाळची. शेवटची गाय बघून घरी आलो की चेन कोमट असते, तेल पातळ होऊन आत शिरतं, आणि रात्रभर मुरायला मिळतं. सकाळी निघता निघता तेल मारून लगेच गाडी पळवली तर निम्मं तेल मागच्या टायरवर आणि पँटवर जातं. टायरवर तेल म्हणजे वळणावर घसरणं.

गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि किल्ली काढून खिशात टाका. हे मी मुद्दाम सांगतो. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारी माणसं मी गॅरेजात बघितलीत. फडकं चेनमध्ये अडकतं आणि त्याच्यासोबत बोट स्प्रॉकेटमध्ये जातं. बोट तुटायला क्षणही लागत नाही. चाक हातानंच फिरवायचं. डबल स्टँड नसेल तर गाडी थोडी थोडी पुढं ढकलत जा, वेळ लागू द्या.

आधी सफाई. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी लातुरात शिकत होतो. घागरभर पाण्यासाठी लागलेल्या रांगा बघितल्यावर गाडीवर पाणी ओतायला हात धजत नाही. चेनला पाणी लागतही नाही. जुना टूथब्रश, कापलेल्या बाटलीत अर्धी वाटी रॉकेल आणि जुन्या लुगड्याचं फडकं. रॉकेल मिळत नसेल तर ओ-रिंगला चालणारा चेन क्लीनर घ्या. डिझेलनं कामचलाऊ साफ होतं, पण ते मागं तेलकटपणा सोडतं, तो कोरडा होईपर्यंत पुसावा लागतो. ब्रश दोन पट्ट्यांच्या मधून फिरवा, रोलर चमकायला लागले की थांबा. मग फडक्यात चेन धरून चाक उलटं फिरवा. फडकं काळं व्हायचं कमी झालं की पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. ओलं रॉकेल आत असताना तेल घातलं तर ते पातळ होऊन वाहून जातं.

आता तेल घालायचं ते चेनच्या आतल्या अंगानं, खालच्या भागात. मागच्या चाकाच्या पुढं चेनचा जो खालचा भाग असतो तिथं, वरच्या बाजूनं. गाडी पळाली की चेन गरगर फिरते आणि तेल बाहेर फेकलं जातं. आतून घातलेलं तेल फेकलं जाताना सांध्यातून जातं; बाहेरून घातलेलं सरळ हवेत उडतं.

यासाठी माझ्याकडं 10 मिलीची सिरिंज आहे. मेडिकलमधून नवी आणायची, सुई फेकून न देता दुकानदारालाच सुई नको म्हणून सांगायचं. दवाखान्यात वापरलेली सिरिंज कोणत्याच कामाला घेऊ नये. मी तिच्यावर लाल टेप गुंडाळलीय, म्हणजे कामाच्या पेटीतल्या वस्तूंत मिसळत नाही. आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी जिथं एकमेकींवर येतात त्या फटीत एक थेंब, दुसऱ्या बाजूच्या फटीत एक थेंब. चेनच्या लॉकपासून सुरू करा, म्हणजे फेरी कुठं संपली ते कळतं. 118 कड्यांना दोन्ही बाजूंनी मिळून एक सिरिंज पुरते. लहानपणी आमचे आबा बैलगाडीचं चाक काढून आखाला वंगण घालायचे तेव्हा चिंधी एरंडेलात बुडवून अगदी मोजकं लावायचे, धुऱ्याला किंवा साटीला नाही. तोच हिशेब.

स्प्रे असेल तर मागं टायरच्या बाजूला पुठ्ठा धरा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर पिशवी चढवा. तिथं तुषार गेला तर ब्रेक लागणार नाही. पूर्ण कव्हरच्या गाडीला कव्हरवर रबरी बूच असतं, ते काढून त्या भोकातून चाक फिरवत एकेक कडी समोर आणायची. पण वर्षातून दोनदा तरी कव्हर खोलाच, विशेषतः पावसाळ्यानंतर. आतमध्ये काळ्या मातीचा गारा बसून वाळलेला असतो आणि चेन त्यातून कोरीत जात असते.

तेल घालून झालं की चाक दहा-पंधरा वेळा हातानं फिरवा आणि गाडी सोडून जेवायला जा. सकाळी कोरड्या फडक्यानं बाहेरच्या पट्ट्या पुसा, चांगलं दाबून. माझे निम्मे मित्र इथं थांबतात, त्यांना पुसलेलं तेल वाया गेल्यासारखं वाटतं. बोट फिरवल्यावर बोटाला नुसता ओलावा लागला पाहिजे, थेंब नाही.

किती दिवसांनी? साधारण 500 किलोमीटर धरा. माझी फिरती बघता दर रविवारी. भिजलेल्या किंवा चिखलातून आलेल्या दिवशी मात्र किलोमीटर मोजू नका, त्याच रात्री पुसून तेल घाला. पट्ट्यांच्या फटीत विटकरी भुकटी दिसली तर तो सांधा कोरडा पडलाय.

तेल घालताना ताणही बघून घ्या. चेनच्या खालच्या भागाच्या मध्यावर बोटानं वर-खाली करा. माझ्या गाडीच्या पुस्तकात 20 ते 30 मिलिमीटर लिहिलंय, तुमच्या पुस्तकात वेगळं असू शकतं. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडं सारखी झिजत नाही; जिथं सगळ्यात ताठ लागते तिथलं माप धरायचं. मिस्त्री चेन तारेसारखी ताणून देतात तेव्हा मी परत ढिली करून घेतो. दुधाचे कॅन किंवा मागं दोन माणसं बसली की मागचं चाक वर सरकतं आणि चेन आणखी ताणते. मग बेअरिंग आणि पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट मार खातात. एक्सल हलवला तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा आणि मागचा ब्रेक पुन्हा तपासा.

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागं चेन धरून ओढली आणि अर्धा दात उघडा पडला, किंवा दात एका बाजूला वाकलेल्या आकड्यासारखे दिसायला लागले, तर तेलाचं काम संपलं. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकर खराब होते.

नवीन लॉक बसवताना त्याच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला ठेवायचं, उघडं टोक मागं. उलटं बसलं तर काही अडकून क्लिप निघू शकते. बनसारोळ्याच्या दिवसापासून माझ्या कॅनच्या पिशवीत एक जादा लॉक, पक्कड आणि ती लाल टेपची सिरिंज असते. लॉक घेताना चेनचा नंबर बघून घ्या, 428 ला 428 चंच लागतं.