कोकण किनाऱ्यावर पायी फिरताना पाण्याचं ओझं: या चुका टाळा

केळशीहून आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे करत लाडघरपर्यंत पाठीवर बोजा घेऊन चालायचं ठरलं की पहिली चर्चा पाण्याचीच होते. चार लिटर म्हणजे चार किलो. तंबू हलका मिळतो, पाणी मिळत नाही. मग ग्रुपमधला कुणीतरी कागद-पेन घेऊन बसतो. पुढच्या कल्पनांचं शास्त्र बरोबरच आहे. फसतो तो हिशेब, कारण त्यात टाकी, बॅटरी आणि उष्णता धरलेली नसते.

हायड्रोजन नेऊ, पाणी तिथे करू

ही सगळ्यांची लाडकी. पाण्याच्या वजनात हायड्रोजन जेमतेम नववा हिस्सा आणि ऑक्सिजन हवेत फुकट, म्हणजे चार लिटरला साडेचारशे ग्रॅम वायू पुरे. पण एवढा वायू साध्या दाबाला साडेपाच हजार लिटर जागा खातो. फुग्यात भरलात तर फुगा सव्वादोन मीटर व्यासाचा होईल आणि उलट पाचेक किलो वर ओढेल! सुरूच्या बनातून तो न्यायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. सिलिंडरमध्ये दाबावा, तर ७०० बारच्या (हवेच्या सुमारे सातशेपट दाबाच्या) कार्बन फायबर टाकीतही वायू वजनाच्या पाच-सहा टक्केच असतो. म्हणजे आठ किलोंची टाकी, पाण्याच्या दुप्पट.

शिवाय एक लिटर पाणी तयार होताना सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता निघते. तेवढ्यात ५० लिटर पाण्याला उकळी येईल. ती बाहेर टाकल्याशिवाय वाफेचं पाणी होणार नाही, आणि मे महिन्यात ती टाकणार कुठे? स्फोटाचं तर बोलायलाच नको; हवेत हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांमध्ये असला की एक ठिणगी पुरते.

हवा एवढी दमट आहे, तिचंच पाणी काढू

३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली तर घनमीटरभर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. हवा १५ अंशांपर्यंत गार केली तर त्यातली ११-१२ ग्रॅम हाती येते. लिटरभर पाण्याला दहा बाय दहाच्या तीन खोल्यांची हवा गार करावी लागेल. नुसतं वाफेचं पाणी करायला ६७५ वॉट-तास उष्णता काढावी लागते. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॉट-तास असतात. पेल्टियरची चकती (वीज दिली की एका बाजूने गार होणारी) जेवढी उष्णता काढते त्याहून जास्त वीज खाते, म्हणजे नऊ पॉवर बँकांतही भागणार नाही. पिशवीत तीन किलोंहून जास्त बॅटऱ्या, आणि पाणी एक लिटर.

समोर समुद्र आहेच की

ऊर्ध्वपातन कागदावर जमतं. २३० ग्रॅमच्या गॅस डब्यात, निम्मी उष्णता वाया गेली तरी, दोन लिटर पाण्याची वाफ होते. पण लिटरला पाऊण तास शेगडीपाशी बसायचं, वाफ गार करायला नळी आणि भांडं वागवायचं, तेही वाडी अर्ध्या तासावर असताना. वाळूत खड्डा खणून वर प्लॅस्टिक ताणण्याचा उपाय त्याहून वाईट. दिवसाला लिटरभरही मिळत नाही आणि खणताना घाम गळतो तो वेगळाच.

खारं पाणी गोड्यात मिसळून पुरवायची कल्पना मात्र धोक्याची आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. मूत्रपिंड इतकी खारी लघवी करू शकत नाही, म्हणून ते क्षार बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी खर्च होतं.

नळाच्या पाण्यातलं जड पाणी (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं) काढून टाकू, असंही एकाने सुचवलं होतं. लिटरमागे १७० मिलिग्रॅम वाचतील, जरूर काढा.

खरी अडचण कुठे येते

पुळणीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ट्रेकिंगचा फिल्टर गाळ आणि जंतू अडवतो, मीठ नाही. तेव्हा पुन्हापुन्हा गाळत बसू नका. वर चढून सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, पायथ्याची विहीर विचारा. जांभ्यात मुरलेलं पाणी तिथे झिरपतं. विहीर कुणाच्या तरी आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) असते, म्हणून आधी "काकू, बाटल्या भरून घेऊ का?" एवढं विचारायचं.

वाड्यांमधून जाणाऱ्या टप्प्याला दीड-दोन लिटर पुरतात. सड्यावर मात्र सावली नाही आणि पऱ्हे (ओहोळ) हिवाळा संपता संपता आटतात, तिथे चारही लिटर घ्या. फिल्टरची धार बारीक झाली तर बहुधा लाल माती अडकलेली असते. उलट्या बाजूने स्वच्छ पाणी सोडा, आणि पुढच्या वेळी आधी पंचातून गाळा.