मांस स्वच्छ हवंय ना, मग आधी गोठा बघा

निरोगी जनावराचं मांस आतून जवळजवळ जंतुमुक्तच असतं, घाण लागते ती बाहेरून, आणि सगळ्यात जास्त कातडीवरून. कातडी सोलताना पहिली चीर छातीवर, पोटावर, मागच्या पायांवर जाते आणि नेमकं तिथेच शेण वाळून पोपडे धरलेले असतात, मग सुरी न हाताबरोबर ई. कोलाय, साल्मोनेला असे माणसाला आजारी पाडणारे जंतू थेट मांसावर. ई. कोलाय ओ१५७ हा त्यातला घातक प्रकार पोटात असलेलं जनावर तर दिसायला एकदम ठणठणीत असतं, त्यामुळे आजारी दिसत नाही म्हणजे सेफ असं अजिबात धरू नका.

कुरणात चरणारी जनावरं सहसा स्वच्छ राहतात, पण पावसात गेटपाशी न पाण्याच्या टाकीपाशी चिखल झाला की तीही पोटापर्यंत माखतात, म्हणून टाकीची जागा बदलत राहा. बंदिस्त गोठ्यात सगळा खेळ अंथरुणाचा आहे. पेंढा रोज वरून टाकायचा, ओला झाला की काढायचा, आणि चेक करायचं असेल तर जनावर बसतं तिथे गुडघा टेकून बघा, पँट ओली झाली म्हणजे त्याचं पोटही ओलंच आहे. फटींच्या जमिनीवर (पट्ट्यांमध्ये फटी ठेवलेल्या) शेण खुरांनी तुडवलं जाऊन खाली पडतं, त्यामुळे तिथे गर्दी झाली तरी वाईट आणि फारच थोडी जनावरं ठेवली तरी शेण वरच साचतं.

खाद्याकडे लोक लक्षच देत नाहीत! ओला मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) किंवा एकदम वाढवलेला खुराक म्हणजे पातळ शेण, आणि पातळ शेण म्हणजे शेपटीपासून मांड्यांपर्यंत सगळं भरलेलं. कत्तलीआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत कोरडा चारा वाढवा, बदल हळूहळू करा, हगवण दिसली तर जंत आहेत का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या (औषध दिलं तर ते अंगातून जाईपर्यंत कत्तलीआधीचा थांबायचा काळ पाळायचाच).

केस लांब असतील तर पोटावरचे आधीच कापून घ्या. शेवटच्या दिवशी धुण्याचा मात्र उपयोग नाही, ओल्या कातडीवरून घाण पाणी मांसावर ठिबकतं.

कत्तलखान्यात नेण्याआधी काही तास खाद्य बंद ठेवलं की पोट हलकं होतं आणि कापताना आतडं फुटायची भीती कमी होते, पण दिवसेंदिवस उपाशी ठेवलं तर पोटातले वाईट जंतू उलट वाढतात. पाणी कायम समोर हवं. आणि अनोळखी जनावरं एकत्र कोंबू नका, ती एकमेकांवर चढतात, माखतात, ताणामुळे मांस काळपट पडून लवकर खराब होतं.