बाहेरची सीट टाकताय? आधी बेल्टचं बकल बघा

वाशीच्या आमच्या एका मित्राने जुन्या गाडीत बकेट सीट, म्हणजे उंच कडांच्या खोलगट सीट, टाकून घेतल्या, दिसायला एक नंबर, पण बकल, म्हणजे बेल्टची पट्टी जिथे अडकते ते, इतकं खाली गेलं की पामबीच रोडवर निघायच्या आधी दोन मिनिटं नुसती शोधाशोध. होतं काय, बऱ्याच गाड्यांत बकल ओरिजिनल सीटच्या फ्रेमलाच बोल्ट केलेलं असतं, सीट काढली की तेही जातं, मग कोणीतरी फ्लोअरच्या पत्र्याला भोक पाडून साधा बोल्ट मारून देतो. हे अजिबात चालवून घेऊ नका! बेल्टचा बोल्ट हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या स्टीलचा असतो, बऱ्याच गाड्यांत ७/१६ इंची, आणि तो कंपनीच्या अँकर पॉइंटलाच, म्हणजे बेल्टसाठी दिलेल्या मजबूत जागेलाच, लागला पाहिजे.

मग बसून बघा, खालचा पट्टा पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर, वरचा खांद्याच्या मधोमध, मानेला घासायला नको. बकेटच्या उंच कडेवर पट्टा उचलला जात असेल तर बेल्ट सैलच राहतो, लावून न लावल्यासारखा.

आणि हो, काही गाड्यांत बकललाच प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या वेळी बेल्ट झटकन आवळणारा भाग असतो, त्यात बारुदाचा चार्ज असतो, बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याच्या वायरला हात लावू देऊ नका. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर मी तरी सीट बदलणार नाही.