जिवंत उंदरातल्या चमकत्या पेशी मोजताना या चुका टाळा

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पीएचडीची नवी बॅच येते आणि त्याच चुका पुन्हा सुरू होतात. पुण्यात एका अ‍ॅनिमल हाउसशेजारच्या इमेजिंग खोलीत मी अकरा वर्षं काम करते आहे. पद्धत ऐकायला सोपी आहे. कर्करोगाच्या पेशींमध्ये काजव्याच्या ल्युसिफरेजचं (प्रकाश निर्माण करणाऱ्या एन्झाइमचं) जनुक घालायचं, त्या पेशी उंदराला द्यायच्या, त्यांची गाठ वाढते, इमेजिंगच्या दिवशी ल्युसिफेरिन (ज्यावर ते एन्झाइम काम करून प्रकाश देतं तो पदार्थ) टोचायचं आणि अंधाऱ्या पेटीत अतिथंड ठेवलेल्या, मंद प्रकाशही टिपणाऱ्या सीसीडी कॅमेऱ्यानं अंगाबाहेर येणारा प्रकाश मोजायचा. अडचण अशी की तुम्ही काहीही चुकवलंत तरी कॅमेरा चित्र देतोच. ते रंगीत असतं, छान दिसतं, आणि म्हणून कोणाला शंका येत नाही.

घड्याळ न बघणं

सगळ्यात जास्त प्रयोग या एका गोष्टीनं वाया गेलेले मी पाहिलेत. ल्युसिफेरिन पोटात टोचलं की ते हळूहळू रक्तात उतरतं, गाठीपर्यंत पोचतं आणि मग शरीराबाहेर टाकलं जाऊ लागतं. त्यामुळे प्रकाश आधी चढतो, थोडा वेळ टिकतो आणि उतरतो. बहुतेक वेळा माथा 10 ते 20 मिनिटांत येतो. नेमका कधी, ते पेशी, गाठीची जागा आणि भूल यांवर ठरतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विद्यार्थ्याचा स्तनाच्या कर्करोगावरचा प्रयोग चालू होता. बाल्ब-सी जातीचे पांढरे उंदीर, फोर-टी-वन नावाच्या उंदराच्या स्तनकर्करोगाच्या पेशी, पाच उंदीर औषधाचे आणि पाच नुसत्या सलाइनचे. 21व्या दिवशी तो धावतच आला. "ताई, बघा ना, निम्म्याच्याही खाली आलंय!" औषधाच्या गटाचा प्रकाश खरंच तेवढा खाली आला होता. मी चित्रं बाजूला ठेवून फाइलींच्या वेळा बघितल्या. दहाही उंदरांना त्यानं 11.05 ते 11.10 मध्ये टोचून टाकलं होतं. पेटीत एका वेळी पाचच मावतात, म्हणून सलाइनचा गट आधी घेतला, 11.20 ला. मग भुलीचं औषध आयसोफ्लुरेन संपलं, ते भरण्यात वेळ गेला, आणि औषधाच्या गटाचं चित्र निघालं 11.52 ला. एका गटाचा माथा मोजला गेला आणि दुसऱ्याचा उतार. त्याच वहीच्या डाव्या पानावर त्यानं स्वतः कॅलिपरनं (जाडी मोजायच्या चिमट्यानं) मोजलेले गाठींचे आकार होते. दोन्ही गटांचे जवळपास सारखे. उजव्या पानावर प्रकाशाचे आकडे भरताना डाव्या पानाकडे त्याची नजर गेली नव्हती.

तीन दिवसांनी आम्ही परत केलं. दर फेरीत दोन्ही गटांचे उंदीर मिसळून घेतले आणि प्रत्येकाच्या नंबरासमोर टोचल्याची वेळ लिहिली. फरक उरला तो किरकोळ. मीटिंगची स्लाइड त्यानं आधीच बनवली होती, ती काढावी लागली. त्याची मेहनत खरी होती, म्हणून मला वाईट वाटलं. पण दहा उंदरांना एक जादा भूल आणि एक जादा सुई सोसावी लागली, त्याचं जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे. प्रयोग सुरू व्हायच्या आधी तीन उंदीर घ्यायचे आणि दर तीन मिनिटांनी, चाळीस मिनिटं चित्रं काढायची. त्याचा आलेख मी छापून यंत्राशेजारी चिकटवते. गाठ बरीच वाढली किंवा पेशी दुसऱ्या अवयवात गेल्या की तो नव्यानं काढायचा. मुलं म्हणतात, "ताई, पेपरमध्ये 10 मिनिटं लिहिलंय की!" तो पेपर त्या लोकांच्या उंदरांचा आहे. आपल्या उंदरांचा माथा आपणच शोधायला हवा. एक सकाळ वाचवण्यासाठी पुढचे दोन महिने संशयात घालवणं मला पटत नाही.

सुई गेली कुठे?

डोस वजनावर ठरतो: किलोला 150 मिलिग्रॅम. द्रावण मिलीलिटरला 15 मिलिग्रॅमचं केलं की हिशोब सोपा होतो, दर ग्रॅम वजनाला 10 मायक्रोलिटर. म्हणजे 25 ग्रॅमच्या उंदराला 250. सगळ्यांना सरसकट 200 देणं हा निव्वळ आळस आहे. काटा शेजारीच असतो, त्या दिवशीचं वजन करा.

दुसरं म्हणजे सुई आतड्यात किंवा कातडीखाली जाणं. सरावलेल्या हातानंही हे होतं. मी उंदराचं डोकं किंचित खाली ठेवते, पोटाच्या खालच्या उजव्या बाजूला टोचते आणि दट्ट्या जरासा मागे ओढून बघते. हिरवट-पिवळं किंवा लाल काही दिसलं तर ती सिरिंज टाकून नवी घेते. मागच्या आठवड्यात लखलखणारा उंदीर आज एकटाच काळवंडला असेल, तर गाठ बरी झाली असं मानू नका आणि त्याला आकडेवारीतून गुपचूप गाळूही नका. वहीत नोंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचून बघा.

प्रकाश कमी म्हणजे पेशी मेल्या, असं धरणं

काजव्याच्या ल्युसिफरेजला ल्युसिफेरिन तर लागतंच, शिवाय एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू), मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन लागतो. पावसाच्या तोंडावर राजमाचीला काजवा लुकलुकतो, त्यालाही ऑक्सिजन लागतोच. गाठ मोठी झाली की तिच्या गाभ्यात रक्त नीट पोचत नाही. तिथे ऑक्सिजन आणि ल्युसिफेरिन दोन्ही कमी पडतात आणि गाठ वाढत असतानाही प्रकाश घटू शकतो. म्हणून कॅलिपर बाजूला टाकू नका आणि शेवटी गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर बघितल्याशिवाय "औषधानं गाठ आटली" असं लिहू नका.

रंगांवर विश्वास

सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते दर चित्राची रंगपट्टी वेगळी लावतं. मग 7व्या दिवसाचा लाल आणि 21व्या दिवसाचा लाल यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. सगळ्या चित्रांना एकच पट्टी लावा आणि तुलना काउंट्समध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या आकड्यांत) न करता रेडियन्समध्ये (एक्स्पोजर वगैरेचा हिशोब धरून काढलेल्या प्रकाशाच्या मात्रेत) करा, कारण एक्स्पोजर किंवा बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणं) बदललं की काउंट्स बदलतात. 16 बिटच्या कॅमेऱ्यात 65,535 च्या वर आकडा जाऊच शकत नाही. तिथे टेकलेली गाठ किती तेजस्वी आहे ते कळणं शक्य नाही. एक्स्पोजर कमी करून पुन्हा घ्या.

बाकीचं थोडक्यात. काळ्या उंदराचे केस काढा, त्यातलं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य प्रकाश गिळतं. ल्युसिफेरिनच्या नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून लहान भागांत गोठवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू-गोठवू नका. उंदरानं लघवी केली की खालचा काळा कागद बदला. पावसाळ्यात वीज जाऊन आली असेल तर कॅमेरा पुन्हा थंड झाल्याची खूण स्क्रीनवर दिसेपर्यंत थांबा. काजव्याऐवजी रेनिला या समुद्री जीवाचं ल्युसिफरेज असलेल्या पेशींना हे ल्युसिफेरिन चालत नाही, त्यांना सीलेंटेराझिन लागतं. दर वर्षी कोणीतरी हे विसरतं.

आणि डिसेंबरात पेटीतली गरम प्लेट बंद ठेवू नका. भूल दिलेला उंदीर झपाट्यानं गार पडतो, त्याचं रक्ताभिसरण मंदावतं, आणि ल्युसिफेरिन गाठीपर्यंत पोचण्याची वेळच बदलते. इमेजिंग झाल्यावर मी त्यांना उबेवर ठेवते आणि शेवटचा उंदीर पिंजऱ्यात चालायला लागेपर्यंत खोलीतच थांबते. वेळांची वही त्या वेळात पूर्ण होते.