जुना व्हॅक्यूम क्लीनर उघडण्याआधी

अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून व्हॅक्यूम क्लीनर खाली काढतो. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही म्हणतात, त्यामुळे दुकानं निवांत असतात. जुनी वस्तू दुरुस्त करायला कोणा पूर्वजाची हरकत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दसऱ्याच्या आठवड्यात मोटरच्या तारांची वेटोळी नव्याने भरून देणारा जो वायंडिंगवाला ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो, तोच या पंधरवड्यात स्टूल पुढे सरकवतो. घटस्थापनेच्या आत यंत्र चालू झालं तर नवरात्राची साफसफाईही त्यातच उरकते. म्हणून उघडण्याआधीच्या तयारीच्या यादीत सगळ्यात वर मुहूर्त. दिवाळीच्या तोंडावर उघडलेलं यंत्र त्या दिवाळीला जोडलं जात नाही, हे मी दोनदा करून पाहिलं आहे.

त्यानंतर पाटी. यंत्राच्या बुडाला पत्र्याची नाहीतर चिकटवलेली पाटी असते. ती कोरड्या फडक्याने हलकेच पुसून फोटो काढून ठेवा, कारण दुकानात ‘कुठलं मॉडेल?’ या प्रश्नाला ‘निळं’ हे उत्तर चालत नाही. आपल्याकडे हे यंत्र मुख्यतः दोन वाटांनी आलं. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरून, गादीवर नळी फिरवून निघालेली धूळ पांढऱ्या फडक्यावर दाखवू लागले. दुसरी वाट आखाताची. आमचं यंत्र आत्याने मस्कतहून आणलेलं, पत्र्याचं, लांबोडकं, खाली घसरपट्ट्या असलेलं. हा आडवा, जमिनीवरून ओढत न्यायचा घाट इलेक्ट्रोलक्सने १९२१ मध्ये बाजारात आणला होता. पाटीवर २२० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर पुढे चला. बोटीवरच्या एखाद्या काकांनी अमेरिकेहून आणलेलं असेल तर तिथे ११० किंवा १२० दिसेल. ते आपल्या २३० ला लावलं तर मोटर जळायला फार वेळ लागणार नाही, तेव्हा आधी व्होल्टेज उतरवणारा, यंत्राच्या वॉटपेक्षा मोठा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. ‘६० हर्ट्झ’ वाचून मात्र घाबरू नका. ही युनिव्हर्सल मोटर आहे, एसीवर फिरते तशी डीसीवरही फिरते, तिला ५० काय आणि ६० काय. पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर यंत्र दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला दोनच तारा. ते नसेल आणि अंग पत्र्याचं असेल तर तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार हवीच. यात हयगय नको.

आता सिरीज बोर्ड, म्हणजे यंत्राची वीज आधी एका बल्बमधून जाईल अशी जोडणी. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि होल्डरमध्ये १०० वॉटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब, एवढंच त्याचं भांडवल. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे, आणि पिवळे बल्ब आता सहज दिसत नाहीत, तेव्हा तो आधी शोधून ठेवा. यंत्र या बोर्डवर लावून बटण दाबा. बल्ब लागला आणि मोटर जरा जरी कण्हली तरी जीव आहे म्हणायचं. बल्ब लागलाच नाही तर कुठेतरी तार तुटली आहे, बटण गेलं आहे किंवा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बन टेकत नाही. बल्ब लख्ख आणि मोटर ढिम्म असेल तर ती जाम आहे किंवा आत शॉर्ट आहे. प्लगची पिन आणि पत्र्याचं अंग यांच्यामध्ये धरून पाहिलं तर बल्ब अजिबात लागता कामा नये. पण इथे एक फसगत आहे. बल्बला उजळायला जेवढा करंट लागतो त्याच्या कितीतरी कमी करंट माणसाला झटका द्यायला पुरतो. बल्ब लागला नाही म्हणून अंग सुरक्षित, असं होत नाही. त्यासाठी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र हवं, ५०० व्होल्टचं. आमच्या सोसायटीच्या वायरमनकडे आहे, तो ते चहावर घेऊन येतो. एक मेगओहमच्या खाली काटा आला तर मी यंत्र पुढे चालवत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर चार महिने काढलेलं वायंडिंग सप्टेंबरात ओलसरच असतं, म्हणून आधी दोन दिवस उन्हात, आणि ऊन नसेल तर खोक्यात ६० वॉटचा बल्ब लावून शेजारी. एवढ्यानेच काटा वर सरकतो कधी कधी, आणि आपण उगाच आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, बदलायला निघालेलो असतो.

हत्यारं फार लागत नाहीत. एक चपटा आणि एक फुलीचा पेचकस, लांब दांड्याचे, कारण जुन्या यंत्रात स्क्रू खोल विहिरीत बसवलेले असतात. पक्कड, बेअरिंग ओढून काढायचा छोटा पुलर, मापं घ्यायला व्हर्नियर, दात घासायचा जुना ब्रश, रंगाचा एक इंची ब्रश आणि नाकाला मास्क. चाळीस वर्षांची धूळ आहे ती, सर्दी होते. स्क्रू ठेवायला मी आप्पेपात्र वापरतो: सात खळगे, म्हणजे उघडण्याचे सात टप्पे, मधल्या खळग्यापासून सुरुवात. इडलीपात्राला भोकं असतात, बारीक स्क्रू खाली पडतात. हा शोध आईला अजून मान्य नाही. प्रत्येक टप्प्याला फोटो. धूळ झटकायचं काम गॅलरीत करू नका. मी केलं होतं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दोरीवर नुकतंच वाळत घातलेलं पांढरं धोतर होतं. त्यांनी वर बघून फक्त एवढंच विचारलं, “काय रे, साफसफाई का?” तेव्हापासून मी गच्चीवर जातो.

पंख्याचा नट सोडवण्याआधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघा. काही मोटरींना उलटे आटे असतात, आणि आपण नेहमीच्या सवयीने जोर लावतो तेव्हा तो नट सुटत नाही, आवळतो, आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियमचा पंखा वाकतो. वाकलेला पंखा सरळ होत नाही. म्हणजे होतो, पण मिनिटाला वीस हजारांच्या वर फेऱ्यांना तो जो थरथरतो त्याने नवीन बेअरिंगही महिन्याभरात खुळखुळतं.

खरी तयारी कार्बनची. इंग्रजीत ब्रश म्हणतात, पण दुकानात ‘कार्बन द्या’ म्हणायचं. जुना कार्बन खिशात घालून जा, नुसता आकडा सांगून नाही. जाडी आणि रुंदी महत्त्वाची. लांबी थोडी इकडेतिकडे चालते. नेमका मिळाला नाही तर किंचित मोठा घ्या आणि सपाट काचेवर काचपेपर ठेवून सगळ्या बाजूंनी सारखा घासून उतरवा. लहान घेतलात तर तो खाचेत डुलतो आणि ठिणग्या पाडतो. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर आला की बदला, आणि बदलताना दोन्ही. होल्डर उघडताना यंत्र मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत धरा. आतली स्प्रिंग इतकी बारीक आणि इतकी आगाऊ असते, की माझी पहिली उडाली ती कपाटामागून पुढच्या वर्षी रंगकामात मिळाली.

नव्या कार्बनचं तोंड सपाट, आणि तो ज्यावर टेकतो तो आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर गोल. तसाच बसवला तर एका रेघेवरच टेकतो. म्हणून बारीक काचपेपरची पट्टी कॉम्युटेटरभोवती खरखरीत बाजू वर करून गुंडाळायची, कार्बन होल्डरमध्ये बसवायचा, आणि आर्मेचर हाताने हळूहळू फिरवायचं. कार्बनच्या तोंडाला गोलाई येते, बोटाने चाचपून कळते. मग पट्टी काढून काळी भुकटी ब्रशने झटकायची, फुंकर मारायची नाही, नाहीतर ती वायंडिंगमध्ये जाऊन बसते. एमरीचं कापड इथे वापरू नका, त्याचे कण फटीत अडकून दोन पट्ट्या जोडून टाकतात. कॉम्युटेटरवर चॉकलेटी, सारखा थर असेल तर त्याला हात लावू नका, तो हवा असतो. मी पहिल्या वेळी ‘घाण’ समजून तो घासून लखलखीत केला आणि वर स्वतःचं कौतुकही केलं. त्या वर्षी कार्बन सहा महिन्यांत संपले. पट्ट्यांमधल्या फटींत काजळी असेल तर टूथपिकने कोरा. एक-दोन पट्ट्याच जळून काळ्या झाल्या असतील आणि बाकीच्या ठीक असतील, तर आर्मेचरची कॉइल तुटलेली आहे, मग वायंडिंगवाल्याकडे.

बेअरिंगसाठी मी वागळे इस्टेटीत जातो. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ला तिथेच झाली. कारखान्यांच्या जागी आता काचेची ऑफिसं आहेत, पण गल्लीबोळात बेअरिंगवाले अजून आहेत.

“काका, सहाशे आठ आहे का? दोन.”

“कशाला हवंय? ग्राइंडर?”

“व्हॅक्यूम क्लीनर. रबर सीलचं द्या ना, धूळ जाणार नाही.”

“जुनं दाखव आधी.” त्यांनी ते चष्मा वर करून पाहिलं, बोटावर फिरवून कानाला लावलं. “हे पत्र्याच्या झाकणाचं आहे. एवढ्या स्पीडला रबर घासून तापतं. जे होतं तेच ने.”

तर, जे होतं तेच न्या. ६०८ म्हणजे आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. भाच्याच्या स्पिनरमध्येही हेच असतं. पण त्याचं काढून बसवायचा मोह टाळा, तो खेळण्यातला माल.

वायर जुनी असेल तर ती दोन बोटांत मुडपून पाहा. तडे दिसले की अख्खी बदला, सेलोटेप नको. दुकानात ‘तीन कोअर, चाळीस-शहात्तर’ म्हणा (दुहेरी इन्सुलेशनच्या यंत्राला दोन कोअर), म्हणजे बाराशे वॉटपर्यंत काळजी नाही. वायर आत शिरते तिथला रबरी ग्रोमेट विसरू नका, सगळ्यात आधी वायर तिथेच तुटते. बटणापाशी छोटा चौकोनी कपॅसिटर असतो. त्याचं कवच तडकलेलं असेल तर तो एके दिवशी धूर सोडणार. त्याच्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ‘एक्स-टू’ लिहिलेला, २७५ व्होल्ट एसीचा. ठाण्यात स्टेशनच्या आसपास न मिळाल्यास दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. वायर, प्लग, बटणं यांसाठी सीएसएमटीला उतरून लोहार चाळ. रविवारी दोन्हीकडे शटर बघून परत यावं लागतं.

आतले रबरी वायसर चाळीस वर्षांत डांबर होतात. ते स्पिरिटने पुसून सायकलच्या ट्यूबमधून नवे कापा. नळीला बारीक चीर आहे का हे पाहायला एक टोक तळहाताने दाबून दुसऱ्या टोकातून फुंकायचं आणि गालाशी धरून नळी फिरवायची, चीर गालाला कळते. कागदी पिशव्या मिळत नसतील तर जांभळी नाक्यावरून मांजरपाट घ्या आणि जुन्या पिशवीच्या मापाने शिंप्याकडून दुहेरी शिवून आणा, शिवण बाहेरच्या बाजूला. एकदा धुऊन खळ काढा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत घालू नका. जीन्सच्या कापडाची शिवली तर धूळ अडेल, हवाही अडेल.

आणि हवा अडली की सगळं अडलं. जुन्या यंत्रात पिशवीतून गाळून आलेली हवाच मोटरवरून जाते, तीच तिचं थंडावण. पिशवी तुंबली की पंख्याला ओढायला हवा उरत नाही, भार हलका होतो, फेऱ्या वाढतात आणि आवाज चढतो. लोकांना वाटतं यंत्र जोरात आलं. प्रत्यक्षात ते आत भाजत असतं. आवाज चढला की बंद करून पिशवी झटका. याच कारणाने टाइल्सचं काम झाल्यावरचं सिमेंट, देवघरातली राख आणि रांगोळी यांना हे यंत्र दाखवू नका. त्यांची भुकटी कापडातून आरपार जाते आणि बेअरिंगमध्ये पोहोचते. भाऊबीजेनंतर दारातली रांगोळी केरसुणीनेच काढायची.

जोडून झालं की लगेच पूर्ण वीज देऊ नका. सिरीज बोर्डवर बल्बच्या जागी हजार वॉटची जुनी इस्त्री उभी करून लावा, तापमान शेवटच्या आकड्यावर, आणि जवळ बसून राहा. मोटर मंद फिरते आणि कार्बन नीट बसतात. वीस मिनिटं पुरतात, मध्ये इस्त्रीने स्वतःहून बंद-चालू केलं तर हरकत नाही. मग सरळ सॉकेटला, पण अर्थ लीकेज ब्रेकर असलेल्या. कार्बनच्या टोकाशी थोड्या निळसर ठिणग्या चालतात. कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं दिसलं तर त्याच क्षणी बंद.

झाकण लावण्याआधी आतून एक चिठ्ठी चिकटवा: कार्बन कधी बदलले, कुठल्या मापाचे, बेअरिंगचा नंबर, मेगरचं रीडिंग. आमच्या चिठ्ठीवर आता अकरा ओळी आहेत, पहिली आत्याच्या अक्षरात: ‘पिशवी धुतली. वाळू निघाली, मस्कतची.’ माळ्यावर परत ठेवताना नळी मुडपायची नाही, सैल वेटोळं घालून वर टांगायची. आणि आप्पेपात्र गरम पाण्यात सोडा घालून दोनदा घासायचं, शनिवारी आप्पे आहेत.