पोळ्याच्या दिवशीची पाळी आणि अडेल व्यवस्थापक

पोळ्याला सुट्टी हवी असेल, तर आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेशेकणी सुरू असताना फोन करून काहीही साधत नाही. पंपावरच्या किंवा दुकानातल्या व्यवस्थापकाला तेव्हा नकार देणे फारच सोपे जाते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 ज्या आस्थापनांना लागू आहे, तेथे वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या मिळतात. त्यांपैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ठरलेल्या असून उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी संमतीने ठरवायच्या असतात. आपल्याकडे पोळा त्या चारांत यावा, हा आग्रह म्हणूनच डिसेंबरात धरावा, आणि तोही सर्वांनी मिळून.

अर्ज दोन प्रतींत लिहावा व एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांनी माझा अर्ज खिशात घातला आणि पोळ्याच्या दिवशी ‘कुठला अर्ज?’ असे विचारले. त्या दिवशी झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हटली जाणारी लोकगीते, मी फोनवरच ऐकल्या.

पोच नाकारली, तर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवावा. सोबत तोडगाही सुचवावा, उदाहरणार्थ, ज्याच्या घरी बैलजोडी नाही असा सहकारी पोळ्याला येईल आणि त्याच्या सणाला आपण उभे राहू. न सांगता दांडी मात्र मारू नये, कारण मग चूक आपलीच ठरते. तरीही साहेब अडून बसले, तर हजेरीपटाचा फोटो व पोच घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.